काहीही चालेल

गेल्या आठवड्यात माझ्या सुनेने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झाले. आमच्या ओट्यावर अलीकडे विजेची भट्टी आली आहे. तिला ओव्हन म्हणायचे असते, पण माझ्या तोंडात भट्टीच बसले आहे. तिच्या दाराला काच आहे, आत दिवा लागतो, आणि केक फुगू लागला की नातवंडे सिनेमाला बसावे तशी तिच्यासमोर मांडी घालून बसतात. माझा वाढदिवस ऐन दिवाळीत येतो. म्हणजे आजवर तो कधी आला आणि कधी गेला हे चकल्यांच्या घाण्यात कुणालाच, अगदी मलासुद्धा, कळलेले नाही. या वर्षी मात्र सुनेने त्याला गाठायचे ठरवले आहे.

"आई, या वेळी अगदी तुमच्या आवडीचं करू. घरी करू, नाहीतर सगळे मिळून बाहेर जाऊ. तुम्हाला काय आवडतं?"

"काहीही चालेल गं," मी म्हटले.

"काहीही म्हणजे काय?"

"तुम्हा सगळ्यांना आवडेल ते."

ती हसली. म्हणाली, "ते मी विचारलंच नाही."

खरेच, तिने ते विचारले नव्हते. मी विचार करू लागले. माझ्या यजमानांना भरली वांगी आवडत, पण देठ काढलेले नको. मुलाला सांबारवडी आवडते, आणि ती तळल्यावर पाच मिनिटांच्या आत पानात पडली पाहिजे. थोरल्या नातीला कढी चालते, भात चालतो, कढीभात चालत नाही. अशी चाळीस-पन्नास माणसांची खातेवही मला तोंडपाठ आहे. त्या वहीत एक पान कोरे निघावे, आणि ते नेमके माझे असावे, याची मला लाजच वाटली. मग ध्यानात आले की 'काहीही चालेल' हे शब्दसुद्धा माझे नाहीत. ते माझ्या आईचे आहेत. तिच्या पातळांबरोबर, तिच्या पितळी डब्यांबरोबर तेही माझ्याकडे आले असावेत.

माझे माहेर रामटेकचे. रामटेक म्हटले की कुणाला गड आठवतो, कुणाला गडावरची देवळे आणि हातातला प्रसाद पळवणारी माकडे आठवतात, आणि शिकलेल्यांना मेघदूत आठवते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे साधार मांडले, आणि तेव्हापासून आषाढातला पहिला ढग आम्हा रामटेककरांना आपल्या मालकीचा वाटत आला आहे. आमचे बाबा शाळामास्तर होते. ते आम्हा मुलांना ओसरीवर बसवून मेघदूत समजावून सांगत. वर्षभर बायकोपासून दूर राहण्याचा शाप मिळालेला तो यक्ष! तो ढगाला तिचे डोळे सांगतो, तिची वीणा सांगतो, तिने मुलासारखा वाढवलेला दारातला मंदार सांगतो, तिच्या टाळ्यांवर नाचणारा मोर सांगतो. पण तिला खायला काय आवडायचे, हे शंभरावर श्लोकांत त्याला एकदाही आठवत नाही. लहानपणी ही उणीव मला जाणवली नव्हती. आता वाटते की यक्ष झाला तरी शेवटी तो नवराच!

आमच्या घरात नऊ माणसे. आजी, बाबा, आई, काका, काकू आणि आम्ही चार भावंडे. जेवणाचा क्रम ठरलेला. आधी देवाचा नैवेद्य, मग पुरुषांची आणि आला-गेला असेल त्याची पंगत, मग आम्ही मुले, मग आजी, आणि सगळे हात धुऊन उठल्यावर आई नि काकू. तव्यावरची पोळी फुगली की ती आईच्या हातून बाहेर धावत जाई. स्वतःची पोळी आई शेवटी लाटी, परातीत उरलेल्या कणकेची. ती कधी नखाएवढी होई, कधी वेडीवाकडी. ती करून ठेवायची, चूल सारवायची, ओटा पुसायचा, आणि मग बसायचे. तोपर्यंत पोळीचे कातडे झालेले असे. भाजीच्या गंजात सराटा फिरवून जे निघेल ते त्या दोघी वाटून घेत. काकू कधी कुरकुर करी. आई म्हणे, "मला काय, काहीही चालेल."

यात कुणाचा जुलूम होता असे नाही. बाबा शांत, काका थट्टेखोर, आजी बोलायला कडक पण मनाची चांगली. कुणी आईला 'तू मागाहून जेव' असे कधी म्हटले नव्हते. तसे कुणी म्हटले असते तर निदान भांडता तरी आले असते.

दिवाळीत तर याचा कळस होई. फराळ करणारीच्या तोंडाला फराळाची चव नसते, हे ज्या वाचक भगिनी या घटकेला कढईपाशी उभ्या असतील त्यांना मी नव्याने सांगायला नको. तेलाचा वास डोक्यात गेला की भूक मरते. आठ दिवस शेव, चकल्या, अनारसे, करंज्या करून नरकचतुर्दशीच्या पहाटे आई सगळ्यांची ताटे मांडी आणि आपण वाटीभर ताकभात घेऊन बसे.

'बाहेरचे' हा शब्द आमची आजी दोनच अर्थांनी वापरी. एक भुताखेताचे आणि दुसरे हॉटेलातले. दोन्ही सारखीच लागत आणि दोन्ही तिला माणसाच्या डोळ्यांवरून ओळखता येत. काका कामानिमित्त नागपूरला जात आणि रात्रीच्या गाडीने परतत ते लाल डोळ्यांनी, नाक पुसत. तोंडात मूठभर बडीशेप असली तरी लवंग-मिऱ्यांचा वास त्यांच्याआधी घरात शिरे. "बाहेरचं लागलेलं दिसतं," आजी म्हणे, आणि काका ताकाचा तांब्या घेऊन मागच्या अंगणात जात. पुढे नागपुरात संसार मांडल्यावर मला कळले की काकांचे हे बाहेरचे म्हणजे सावजींकडचे जेवण. विणकर हलबा कोष्ट्यांच्या घरातला तो स्वयंपाक. काळा मसाला, वर बोटभर तेलाची तर्री, आणि पहिल्याच घासाला कपाळावर घाम. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरण्या आल्या, हातमागाचे दिवस हळूहळू सरत गेले, आणि विणकरांच्या वस्त्यांतून काही घरांच्या पुढच्या खोलीत बाके आली, मागच्या खोलीतली चूल मोठी झाली. म्हणजे आमच्या काकांचे बाहेरचे हे दुसऱ्या कुणाच्या तरी घरचेच होते. तिथेही मागच्या खोलीत एखादी बाई, शेवटचे गिऱ्हाईक उठल्यावर, गंजाच्या तळाशी सराटा फिरवीत असणार. पण तेव्हा हे सुचण्याइतकी मी मोठी नव्हते.

बाहेरच्या भट्टीत भाजलेला एकच पदार्थ आमच्या घरात राजरोस येई, तो म्हणजे दिवाळीची नानकटाई. त्यासाठी आईने आजीपुढे केलेला युक्तिवाद एखाद्या वकिलाला शोभला असता. साहित्य घरचे, हात घरचे, भांडी घरची, बाहेरचा काय तो विस्तव, आणि विस्तवाला विटाळ नसतो! आजीने एक वर्ष विचार केला आणि परवानगी दिली. स्वतः मात्र तिने ती कधी खाल्ली नाही.

परातीत तूप घेऊन आई ते तळहाताने फेसायला बसे. तूप पांढरेशुभ्र होऊन कापसासारखे हलके झाले की त्यात दळलेली साखर, मग मैदा, थोडे बेसन, चिमूटभर खायचा सोडा, वेलदोड्याची पूड. गोळे वळून अंगठ्याने किंचित दाबायचे आणि त्या खळग्यात एक चारोळी. दुपारी मी नि आई पत्र्याचे डबे घेऊन बाजारातल्या पाववाल्याकडे जात असू. दुपारच का, हे त्या भल्या म्हाताऱ्याने मला एकदा समजावून सांगितले होते. पहाटे पाव निघतात तेव्हा भट्टी पेटलेली असते. त्या आचेला नानकटाई लावली तर वरून करपेल आणि आत कच्ची राहील. पाव काढून झाले, लाकडे ओढून घेतली, की विटांत मुरलेली आच हळूहळू उतरत जाते. नानकटाईला ती लागते. "ही उतरत्या आचेची चीज आहे बेटी," तो म्हणायचा. तो प्रत्येकीच्या पत्र्यावर खडूने आकडा घाली, आणि निम्म्या रामटेकच्या बायका भिंतीला टेकून आपापल्या आकड्याची वाट पाहत. त्या तासाभराइतकी रिकामी बसलेली आई मला एरवी वर्षात दिसत नसे.

परत येताना कोपऱ्यावर आई थांबे. "मोडकी किती आहेत बघू," म्हणे. मोडकी नानकटाई डब्यात भरायची नाही, पाहुण्यांपुढे ठेवायची नाही, म्हणून ती आमची. एक मला, एक आईला. अजून कोमट असे, ओठांवरच विरघळे. आईच्या वाट्याला जन्मभर मोडकीच नानकटाई आली. पण एखादी ती मुद्दाम मोडीत असावी अशी मला दाट शंका आहे. देव तिचे भले करो.

घरात भाजण्याचा पहिला उद्योग मी केला तो १९७० च्या सुमारास. त्याच साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' निघाली आणि वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक करता येतो ही बातमी घरोघर पसरली. तोवर आमच्या आईची मापे तीन होती: 'अंदाजानं', 'बेतानं' आणि 'लागेल तसं'. एका मैत्रिणीने वहीत उतरवून दिलेली रव्याच्या केकची कृती घेऊन मी पदर खोचला. अंड्याचे नाव काढायची सोय नव्हती, म्हणून दही आणि सोडा. सूर नदीची वाळू चाळून मोठ्या गंजात दोन बोटे पसरली, गंज शेगडीवर ठेवला, वाळू तापल्यावर त्यात तूप लावलेला डबा, वर परात आणि परातीत निखारे. खालून आच, वरून आच. घरातल्या घरात भट्टी! कृतीत पाऊण तास लिहिला होता. त्या पाऊण तासात मी निदान दहा वेळा झाकण उघडले असेल.

केक मध्यभागी खोलगट झाला, अंबाळा तलावासारखा. पण मला तो फार सुंदर वाटला. मी तो गरमागरम आईपुढे नेला आणि म्हटले, "आधी तू." आईने सुरी घेतली, त्याचे नऊ भाग केले, कडेचे खरपूस तुकडे मुलांना, मऊ भाग आजीला पुढे सरकवला ('घरच्या शेगडीवर झालाय, खा'), आणि सगळ्यांना पोचल्यावर आपला तुकडा धाकट्याच्या हातावर ठेवून डब्याला चिकटलेला चुरा सराट्याने खरवडून तोंडात टाकला. "छान झालाय," ती म्हणाली. आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असे, "झाकण सारखं उघडत जाऊ नको. श्वास कोंडल्याशिवाय तो फुगत नाही." मी रात्रभर चिडले होते. केक बिघडल्याबद्दल नव्हे.

दुसऱ्या वर्षी आईला चाळिशी लागली आणि चष्म्यासाठी बाबा तिला नागपूरला घेऊन निघाले. मी हट्टाने बरोबर गेले. डोळे तपासून सीताबर्डीवर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आईने सकाळी उठून शिदोरी बांधली होती, पण ती गाडीत एका लहान मुलाने इतक्या एकाग्रतेने न्याहाळली की आईने त्यातली बरीचशी त्यालाच देऊन टाकली. तेव्हा बाबांनी इकडेतिकडे पाहिले आणि आम्हाला एका उडप्याच्या हॉटेलात नेले.

आई बाकाच्या टोकाला बसली, उठायला सोपे जावे अशी. पदर दोन्ही खांद्यांवर. तीन डोसे आले. तव्यावरून सरळ पानावर आलेले, कडा वर वळलेल्या, वाफ निघत असलेली. आईने आपल्या डोशावर तळहात धरला. दिव्याची ऊब घ्यावी तसा.

"गरम आहे," ती म्हणाली. जणू हे सांगायलाच हवे होते.

मग सवयीने तिने अर्धा मोडून माझ्या पानात टाकला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पोऱ्याला बोलावून आणखी एक मागवला, आणि तो आल्यावर आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "हा मोडायचा नाही." आईने तो खाल्ला. सावकाश, अख्खा, चटणीचा शेवटचा थेंब पुसून. तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मी समोर बसून पाहत होते, आणि मला एकाएकी जाणवले की आई जेवताना कशी दिसते हे मला माहीतच नव्हते. ती डाव्या बाजूने चावत होती. तिची उजवी दाढ दुखत असणार. किती दिवस दुखत होती, कुणास ठाऊक.

हात धुऊन आल्यावर तिने त्या पोऱ्याला विचारले, "आत कोण करतं रे हे?"

"आचारी आहे बाई."

"त्याचं झालं का जेवण?"

पोऱ्या गोंधळला. मग म्हणाला, "आमचं चार वाजता." आई "अगं बाई," म्हणाली आणि उठली. परतीच्या गाडीत कामठी गेल्यावर ती म्हणाली, "इतकं गरम होतं, आणि ते लोक चार वाजता जेवणार." रामटेक येईपर्यंत तिच्या डोक्यातून ते गेले नाही. मला मात्र त्या दिवसापासून बाहेर जेवायला जायला फार आवडते. पदार्थ बरा-वाईट कसाही असो, टेबलाभोवती बसलेल्यांतले कुणीही मधेच उठून जात नाही, हे पाहायला मला आवडते.

पण बाहेर जेवणे आमच्या घराला परके नव्हतेच, फक्त त्याला कुणी ते नाव दिले नव्हते. कार्तिकी पौर्णिमेला गडावर त्रिपूर पेटे, जत्रा भरे, उकडलेले शिंगाडे आणि जिलबी खाऊन पोरे तृप्त होत. आणि जत्रा उलगल्यावर, मार्गशीर्षातल्या एखाद्या रविवारी, सगळे घर अंबाळ्याच्या काठावर रोडगे करायला जाई. रोडगे हे पुरुषांचे काम अशी आमच्याकडे रीत होती. ती कुणी घातली ठाऊक नाही; घालणारीला माझा नमस्कार.

रोडगा विदर्भाबाहेरच्या सगळ्यांनी खाल्लेला असतोच असे नाही, पण ऐकलेला असतो. एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडग्याचाच नवस बोलते, आणि त्याबदल्यात ती काय काय मागते हेही वाचकांना आठवत असेल. आमची काकू ते भारूड आजीसमोर म्हणत नसे. तर हा रोडगा राजस्थानच्या बाटीचा, माळव्याच्या बाफल्याचा, बिहारच्या लिट्टीचा भाऊबंद. तिकडे ऑस्ट्रेलियात रानोमाळ हिंडणारे मेंढपाळ राखेत पाव भाजून घेत, त्याला ते डॅम्पर म्हणत. ज्याच्यापाशी पीठ आहे, विस्तव आहे आणि घर लांब आहे त्याला जगात कुठेही हेच सुचत असावे. पण आमच्या रोडग्याची खुबी त्याच्या पोटात असते. जाडसर दळलेली कणीक, मीठ, ओवा, तेलाचे मोहन, घट्ट भिजवायची. एक लहानशी पोळी लाटून, तेल माखून, तिचा गोळा करायचा. तो दुसऱ्या तेल लावलेल्या पोळीत गुंडाळायचा, तो तिसरीत, तो चौथीत. भाजल्यावर तो फोडला की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात.

बाबांचे हात शाळेत खडू धरणारे, पण कणकेला ते पैलवानासारखे भिडत. गोवऱ्यांचा जगरा तेच रचीत. "धूर आहे तोवर रोडगा ठेवायचा नाही," हा त्यांचा नियम. गोवरी आतपर्यंत लाल झाली, धुराची रेघ संपली, की गोळे निखाऱ्यांवर मांडायचे, काठीने परतत राहायचे, आणि सगळीकडून डाग पडले की तापलेल्या राखेत पुरून ठेवायचे. मग अर्धा तास कुणी जगऱ्याला हात लावायचा नाही. (माझ्या केकला हे आधी ठाऊक असते तर!) तीन दगडांच्या चुलीवर काका वांग्याचा रस्सा करीत. तो सावजीसारखा करण्याचा त्यांचा दर वर्षीचा प्रयत्न आणि आजीचे त्यावरचे दर वर्षीचे बोलणे हा कार्यक्रमाचाच भाग होता. दादा पळसाच्या पत्रावळी मांडी, आम्ही काठ्या घेऊन माकडांवर पहारा करीत असू.

आणि बायका चिंचेखाली बसलेल्या. आईला आणि काकूला हातांचे काय करावे ते कळत नसे. आई थोडा वेळ गवताच्या काड्या वेचून एका ओळीत लावी, मग पुन्हा मोडी. तळ्यात देवळांची शिखरे उलटी पडलेली असत.

राख बाजूला सारून बाबा रोडगे काढीत, एकेक फडक्यात घेऊन झटकीत, पुशीत. पहिला रामाला. दुसरा डाव्या तळहातावर धरून ते उजव्या मुठीने फोडीत. आतून वाफेचा लोट निघे. त्यात तुपाची वाटी उलटी करून, तो पत्रावळीच्या तुकड्यावर घेऊन ते चिंचेपाशी चालत येत आणि आईपुढे उभे राहत.

"खा, गरम आहे."

"मुलांना द्या आधी."

बाबा तिथून हलत नसत. आईने पहिला घास तोंडात घालेपर्यंत ते तसेच उभे राहत, आणि मग एक शब्द न बोलता जगऱ्याकडे परत जात. आजी तेवढ्या वेळ तळ्याकडे बघत बसे. वर्षातून एकदा, एवढेच ते होते. दोघांपैकी कुणीही त्याचा उल्लेख केल्याचे मला आठवत नाही.

आई १९९८ च्या पौषात गेली. तिचा दहावा अंबाळ्यावरच झाला. तेरवीच्या आदल्या रात्री आत्या कागद-पेन्सिल घेऊन सामानाची यादी करीत होती. मधेच थांबून म्हणाली, "वहिनीला आवडायचं ते एक करायला हवं. काय आवडायचं तिला?"

आम्ही चार भावंडे बसलो होतो. पन्नाशीकडे आलेली, शिकली-सवरलेली, तिच्या हातचे खाऊन वाढलेली.

"पुरणपोळी," दादा म्हणाला.

"पुरणपोळी मला आवडते," बाबा म्हणाले.

"श्रीखंड?"

"ते तुला."

धाकटा म्हणाला, "ती काहीही चालेल म्हणायची." मग कुणीच बोलले नाही. मला मोडकी नानकटाई आठवली, डोसाही आठवला. पण ते तिला आवडत होते की मिळत होते, हे मला कुठे सांगता येत होते? आत्याने पेन्सिल खाली ठेवली. त्या वेळी बाबांचे वय अठ्ठ्याहत्तर होते आणि ते दोन आठवडे जवळजवळ मुके झाले होते. ते म्हणाले, "रोडगा."

"तेरवीला रोडगे, दादा?"

"मी करतो."

गुरुजींना विचारले. ते भले गृहस्थ होते. अन्न आहे, चालेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात जगरा पेटला. बाबा पाटावर बसले होते. कणीक दादाने भिजवली, पण पापुद्रे बाबांनीच घातले, थरथरत्या हातांनी, एकात एक, चार. धूर संपेपर्यंत त्यांनी कुणाला जवळ येऊ दिले नाही. राखेत पुरल्यावर अर्धा तास आम्ही सगळे त्या राखेकडे बघत उभे होतो. मग त्यांनी पहिला रोडगा काढला, फडक्यात झटकला, पुसला, मुठीने फोडायला गेले तर तो लगेच फुटेना. दुसऱ्या ठोशाला फुटला. वाफ आली. त्यांनी तूप घातले आणि सवयीने मागे वळून पाहिले.

मागे मी उभी होते. आजवर मला वाटायचे की माझा चेहरा बाबांवर गेला आहे.

हात पुढे करून ते तसेच राहिले. नैवेद्य अजून दाखवायचा होता. मी आत्याकडे पाहिले; ती विहिरीकडे बघत होती.

"खा," बाबा म्हणाले. "गरम आहे."

मी खाल्ला. जीभ पोळली.

हे सगळे मी सुनेला सांगितलेले नाही. लग्नाला चार वर्षे झालेल्या मुलीला एका बैठकीत इतके सांगू नये. पण परवा ती पुन्हा विचारायला आली तेव्हा 'काहीही' एवढे तोंडातून निघाले होते, ते मी तिथेच तोडले आणि म्हटले, "सांगू? मला रोडगा आवडतो. आणि बाहेर नेणार असाल तर डोसा. अख्खा."

तिने ते मोबाईलवर टिपून घेतले. म्हणाली, "रोडग्याला भट्टी किती अंशांवर ठेवायची?"

"अंश नाहीत त्याला. गोवऱ्या लागतात. आणि तो तू करायचा नाहीस, तुझ्या नवऱ्याने करायचा."

पलीकडच्या खोलीतून वर्तमानपत्र खाली आल्याचा आवाज झाला. हल्ली गोवऱ्या घरपोच मिळतात म्हणे, खोक्यात भरून, डझनावारी. त्या मागवल्या आहेत. भाऊबीजेला रामटेकला दादाच्या अंगणात जगरा पेटायचा आहे, आणि दादाने फोनवर निरोप दिला आहे की धूर संपेपर्यंत घाई करायची नाही, हे पोराला आत्तापासून बजावून ठेव.

काल रात्री मुलगा कणीक भिजवून ओट्याशी उभा होता. चार रोडग्यांचे पापुद्रे सुटून गेले. पाचवा बरा जमला आहे.